नियोजनाच्या पंगतीतील पाहुणे

जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीस आपले आमदार कोणत्या नात्याने बसतात, असा प्रश्न एखाद्या चौकस नागरिकाने केला, तर त्याचे कायदेशीर उत्तर ऐकून तो चकित झाल्यावाचून राहणार नाही. विधिमंडळाच्या वा संसदेच्या एखाददुसऱ्या सदस्यास सरकारने समितीवर नामनिर्देशित केले असेल तर गोष्ट वेगळी. एरवी जिल्ह्यातील यच्चयावत आमदार-खासदार त्या सभागृहात ‘विशेष निमंत्रित’ म्हणून येतात. निमंत्रित म्हणजे पाहुणा. पाहुण्याने यावे, चार शब्द बोलावेत, यजमानाने विचारले तर सल्ला द्यावा आणि पंगत उठली की निरोप घ्यावा, अशी आपली रीत आहे. पण ज्याने अशी एखादी बैठक मागच्या खुर्चीवरून पाहिली असेल त्यास हे सांगावयास नको की, तेथे पाहुणेच पंगतीच्या अग्रभागी असतात, वाढपीही बहुधा तेच असतात, आणि यजमान कोण हे समजण्यासाठी हजेरीपत्रक उघडावे लागते.

यजमान कोण, हे संविधानाने संदिग्ध ठेवलेले नाही. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३ झेडडी घातला, आणि प्रत्येक जिल्ह्यात नियोजन समिती असलीच पाहिजे असे बंधन राज्यांवर घातले. ह्या समितीच्या एकूण सदस्यांपैकी किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिका-महानगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यांतूनच निवडावयाचे, आणि तेही जिल्ह्यातील खेड्यांची व शहरांची लोकसंख्या ज्या प्रमाणात असेल त्या प्रमाणात. महाराष्ट्राने १९९८ साली ह्यासाठी स्वतंत्र अधिनियम केला. ग्रामीण क्षेत्र, मोठे नागरी क्षेत्र, लहान नागरी क्षेत्र आणि खेड्याचे शहर होऊ घातलेले संक्रमणात्मक क्षेत्र अशी मतदारसंघांची विभागणी केली. योजना कागदावर तरी निर्दोष आहे. तालुक्याच्या गावचा नगरसेवक, डोंगराकडील गटातून आलेला जिल्हा परिषद सदस्य आणि महानगरपालिकेतील एखादा अनुभवी सभासद एका मेजाभोवती बसतील, आपापल्या गावची निकड सांगतील आणि त्यातून जिल्ह्याचा आराखडा उभा राहील, अशी ही कल्पना आहे.

ह्या कल्पनेचे २०२२ नंतर काय झाले, हे आता थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे. कारण त्या काळात जे घडले त्याची हवी तितकी चर्चा झाली नाही. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. त्याच महिन्यात पुण्याची संपली. मग एकामागून एक महानगरपालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या स्वाधीन होत गेल्या. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागांची रचना ह्यांवरील वाद न्यायालयात अडकले, आणि निवडणुका लांबल्या. अखेर सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. तीही पुरली नाही, म्हणून ती ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली. आणि राज्यातील २९ महानगरपालिकांचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मुंबई-पुण्याच्या नागरिकांनी जवळजवळ चार वर्षे आपल्या नगरसेवकाविना काढली. ह्या चार वर्षांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, तिची नोंद फारशी कोणी घेतली नाही. नियोजन समितीचा निर्वाचित सदस्य हा मूळच्या संस्थेचा सदस्य असेतोवरच समितीचा सदस्य असतो. संस्था विसर्जित झाली, की समितीवरील त्याची खुर्चीही रिकामी होते. म्हणजे संविधानाने ज्यांना किमान चार-पंचमांश जागा दिल्या, ते यजमानच बहुतेक जिल्ह्यांत घराबाहेर पडले.

म्हणून समितीच्या बैठका थांबल्या काय? मुळीच नाही. जिल्हा वार्षिक योजनेचे आराखडे वेळच्या वेळी सादर झाले, त्यांना मंजुरी मिळाली, पुनर्विनियोजनाचे प्रस्ताव आले, आणि मार्चअखेर निधी खर्ची टाकण्याची नेहमीची धावपळही झाली. अध्यक्षस्थानी पालकमंत्री होते, सदस्य-सचिव म्हणून जिल्हाधिकारी होते, सरकारने नेमलेली मंडळी होती आणि समोरच्या रांगांत निमंत्रित आमदार-खासदार होते. त्या काळातही बैठकांतून खडाजंगी झाली, सभात्याग झाले, वर्तमानपत्रांतून मथळे झळकले. पण त्या साऱ्या भांडणांचा विषय कोणता? सत्ताधारी पक्षाच्या आमदारास अधिक निधी मिळाला आणि विरोधी पक्षाच्या आमदारास कमी मिळाला, हा. यजमानांच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, त्यांच्यावाचून ही मंजुरी कोणत्या अधिकाराने देता, असा सवाल त्या भांडणांत क्वचितच ऐकू आला. दोन पाहुणे ताटावरून भांडत होते, आणि घरधनी कोठे गेला हे विचारावे असे कोणास वाटले नाही.

आमदारांनी स्थानिक नियोजनात किती व कोठे शिरावे, हा वाद महाराष्ट्रास नवा नाही. किंबहुना ह्या राज्याच्या जन्माबरोबरच तो निघाला होता. बलवंतराय मेहता समितीचा अहवाल १९५७ साली आला आणि राजस्थानात २ ऑक्टोबर १९५९ रोजी नागौर येथे पंचायत राज्याचा प्रारंभ झाला. तिकडील पंचायत समित्यांत आमदारांना स्थान देण्यात आले होते. महाराष्ट्राने १९६० साली वसंतराव नाईक ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या समितीने १९६१ साली अहवाल दिला तेव्हा मात्र निराळी वाट धरली. जिल्हा परिषदेत आमदार-खासदार नकोत, आणि जिल्हाधिकारीही नको, असा तिचा निर्वाळा होता. आमदार आत आला की त्याच्या वजनाखाली स्थानिक नेतृत्व दबते, नवी माणसे पुढे येत नाहीत आणि परिषद ही विधिमंडळातील गटबाजीची जिल्ह्यातील शाखा होऊन बसते, ही भीती उघड होती. तीस मान देऊन १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे ह्याच परिषदांतून घडलेली माणसे विधानसभेत गेली, मंत्रिपदावर चढली. पाणी खालून वर चढले, ते वरून कोणी ओतले नव्हते म्हणून. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आमदारांस जिल्हा पंचायतीत घेण्याची मुभा राज्यांना दिली आणि कित्येक राज्यांनी ती घेतली. महाराष्ट्राने तेव्हाही ती घेतली नाही. आपल्या राज्याच्या शहाणपणाची जी थोडी उदाहरणे अभिमानाने सांगता येतील, त्यांत हे एक आहे.

पण पुढच्या दाराने नाकारलेला पाहुणा मागच्या दाराने आला. सत्तरीच्या दशकात महाराष्ट्राने जिल्हा हा नियोजनाचा घटक मानला, राज्याच्या योजनेतील काही वाटा सूत्राने जिल्ह्यांस द्यावयास आरंभ केला, आणि त्यासाठी जिल्हा नियोजन व विकास मंडळे काढली. ह्या पाऊलवाटेवर देशातील अनेक राज्यांच्या पुढे आपण होतो, ह्यात शंका नाही. परंतु मंडळाच्या अध्यक्षस्थानी मंत्री आणि सभासदांत आमदार-खासदार, अशी त्याची ठेवण होती. जिल्हा परिषदेच्या हाती कामे उरली आणि निधीच्या वाटपाची किल्ली मंडळात गेली. १९९८ च्या अधिनियमाने मंडळाची समिती केली, सदस्य निर्वाचित केले, आमदारांस निमंत्रितांच्या रांगेत बसविले. तथापि अध्यक्षस्थान पालकमंत्र्यांकडेच ठेवले. लोकांच्या बोलण्यात मात्र नाव बदलले नाही. आजही तालुक्याच्या बाजारपेठेत चहाच्या दुकानात बसलेला कार्यकर्ता ‘डीपीडीसी’तून रस्ता आणल्याचे सांगतो, नियोजन समितीतून आणल्याचे सांगत नाही. जुने नाव टिकले, कारण जुनी वहिवाट टिकली.

ह्या अध्यक्षस्थानाचे मोल किती आहे, हे कळण्यास फार दूर जावयास नको. १८ जानेवारी २०२५ रोजी पालकमंत्र्यांची यादी निघाली, आणि दुसऱ्याच दिवशी नाशिक व रायगड ह्या दोन जिल्ह्यांच्या नेमणुकांस स्थगिती द्यावी लागली. संविधानात पालकमंत्री हा शब्द कोठेही नाही. त्या पदास स्वतंत्र खाते नाही, स्वतंत्र सचिवालय नाही. मग त्यासाठी मित्रपक्षांत एवढा रुसवाफुगवा का? ह्याचे उत्तर नियोजन समितीच्या तिजोरीत आहे. जून २०२२ च्या अखेरीस सत्तांतर झाले, तेव्हा नव्या सरकारने पहिल्याच आठवड्यात केलेल्या कामांपैकी एक म्हणजे जिल्हा वार्षिक योजनेतून १ एप्रिलनंतर मंजूर झालेल्या कामांना दिलेली स्थगिती हे होते. आम्ही येथे एका पक्षाची कड घेऊन बोलत नाही. आधीच्यांनी घाईने मंजुऱ्या दिल्या असतील आणि नंतरच्यांनी घाईने त्या रोखल्या असतील. पण ज्या योजनेवर जिल्ह्यातील निर्वाचित प्रतिनिधींची मोहोर उमटलेली असते, ती मुंबईतील सत्तांतराबरोबर एका आदेशाने थांबविणे इतके सोपे झाले असते काय? जेथे मोहोरच नव्हती, तेथे थांबविण्यास अडचण ती कसली?

आमदारांची बाजू आम्ही समजून घेत नाही, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. ती बाजू पोकळ नाही. विधानसभेचा सदस्य लाखो मतदारांचा प्रतिनिधी असतो. नगरसेवकाची नजर प्रभागाच्या हद्दीपाशी थांबते, जिल्हा परिषद सदस्याची गटापाशी. दोन तालुक्यांना जोडणारा रस्ता, अनेक गावांची मिळून होणारी पाणीपुरवठा योजना, औद्योगिक वसाहतीसाठी लागणारी जमीन, वैद्यकीय महाविद्यालय, मध्यम प्रकल्पाचा कालवा, ह्या गोष्टी राज्याच्या खात्यांच्या अखत्यारीत येतात. त्यांविषयी मंत्र्यांस खडसावण्याचे सामर्थ्य आमदाराच्या ठायी आहे, नगरसेवकाच्या ठायी नाही. शिवाय लोकांची भावनाही विचारात घेतली पाहिजे. गावात नळ कोरडा पडला, तर माणसे तलाठ्याकडे वा नगरसेवकाकडे गेल्यावर शेवटी आमदाराच्याच दारी जातात. ज्याच्या दारी गाऱ्हाणे येते, त्यास वाटपाच्या जागी बोलण्याचा हक्क नको, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बोलण्याचा हक्क त्यास असलाच पाहिजे, आणि निमंत्रित म्हणून तो त्यास आहेही. आमचा आक्षेप त्यापुढील पायरीस आहे.

ती पायरी अशी की, हा निमंत्रित आपल्या मतदारसंघासाठी निधीचा ठरीव हिस्सा मागतो आणि समितीही जिल्ह्याचा आराखडा करण्याऐवजी मतदारसंघवार वाटणी करू लागते. आमदाराच्या हाती वस्तुतः स्वतंत्र स्थानिक विकास निधी आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पात तो दरसाल ५ कोटी रुपयांवर नेण्यात आला. त्यातून सभामंडप उभारावेत, पेव्हर ब्लॉक बसवावेत, व्यायामशाळेस साहित्य द्यावे. त्यावर नाव घालावे, फलकही लावावा. पण जिल्ह्याची योजना म्हणजे अशा निधींची बेरीज नव्हे. आठ आमदारांस समान आठ वाटे दिले तर ती न्याय्य वाटणी दिसेल. ज्या तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत गळते आणि ज्या तालुक्यात ती सुस्थितीत आहे, त्या दोहोंस सारखाच वाटा देणे ह्यात मात्र नियोजन कोठे आहे? आणि सत्ताधारी-विरोधी असा भेद करून वाटे दिले, तर मग बोलावयासच नको.

ह्याहून गंभीर गोष्ट आहे ती विधिमंडळाच्या कर्तव्याची. अर्थसंकल्प मंजूर करणारा आमदार, त्या अर्थसंकल्पातून जिल्ह्यास आलेली रक्कम वाटण्याच्या बैठकीत हिस्सा मागणाराही आमदार, आणि ती रक्कम नीट खर्च झाली की नाही हे लोकलेखा समितीत बसून तपासणाराही आमदारच! घेणारा, वाटणारा आणि हिशेब पाहणारा एकच असेल, तर हिशेबाच्या वहीस कोण हात लावील? विधिमंडळाचा मान मोठा आहे तो सरकारला जाब विचारण्याच्या अधिकारामुळे. जिल्ह्याच्या सभागृहात पालकमंत्र्याच्या शेजारी बसून दोन रस्त्यांची मंजुरी पदरात पाडून घेणारा आमदार नागपूरच्या अधिवेशनात त्याच मंत्र्यास धारेवर कसा धरणार? विरोधी पक्षाच्या आमदाराची तर ह्यात अधिकच कुचंबणा होते. निधी हवा तर आवाज मऊ ठेवावा लागतो, आवाज चढविला तर मतदारसंघ उपाशी राहतो. स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी तरी आमदारांनी ह्या पंगतीतून थोडे मागे सरकावयास हवे.

संविधानाने नियोजन समितीस दिलेले काम रस्त्यांच्या यादीपेक्षा पुष्कळ मोठे आहे, हे तर आपण विसरूनच गेलो आहोत. खेडी आणि शहरे ह्यांच्या सामाईक हिताचे प्रश्न, भूमीच्या वापराची आखणी, पाण्याची व इतर निसर्गसंपत्तीची वाटणी, पायाभूत सोयींचा एकत्रित विकास, पर्यावरणाचे जतन, ह्या गोष्टी अनुच्छेदात नावानिशी दिलेल्या आहेत. पुणे जिल्ह्याचे उदाहरण घ्या. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ह्या चार धरणांच्या पाण्यावर पुणे शहराची तहान भागते; त्याच पाण्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेती कालव्याच्या टोकापर्यंत डोळे लावून बसलेली असते. शहर वाढले, तसे त्याचे पाणी वाढले. कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याचे आवर्तन लांबले. पाण्याची गावात व शहरात वाटणी म्हणतात ती हीच. ज्या समितीत शहराचे नगरसेवक आणि दौंड-इंदापूरचे जिल्हा परिषद सदस्य लोकसंख्येच्या प्रमाणात समोरासमोर बसतात, तिच्याइतके ह्या प्रश्नास योग्य व्यासपीठ दुसरे कोणते? पण तो प्रश्न सुटतो, किंवा खरे सांगावयाचे तर पुढे ढकलला जातो, कालवा सल्लागार समितीत. आणि तेथेही अध्यक्ष पालकमंत्री आणि भोवती आमदारच. नियोजन समितीच्या वाट्यास राहतात ते पेव्हर ब्लॉक.

आता जिल्ह्याच्या वर, प्रदेशाच्या पातळीकडे वळू. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भास जे आश्वासन मिळाले होते, त्याच्या पूर्ततेचा मार्ग १९५६ सालच्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (२) मध्ये घालून दिला. पण त्या मार्गावर पाऊल पडण्यास आणखी अडतीस वर्षे लागली. मध्यंतरी १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. राज्याची सरासरी हे माप धरून तिने जिल्ह्या-जिल्ह्याची, खात्या-खात्याची मोजणी केली आणि १९८४ साली सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष मांडला. त्याच वर्षी विधिमंडळाने विकास मंडळांची मागणी करणारा ठराव केला, आणि अखेर १ मे १९९४ रोजी विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. ह्या मंडळांच्या रचनेकडे वाचकांनी मुद्दाम लक्ष द्यावे. सात जणांच्या मंडळात विधिमंडळाचा सदस्य एक, स्थानिक संस्थेचा एक, तज्ज्ञ तीन, आणि उरलेले दोघे महसूल आयुक्त व सदस्य-सचिव असलेले अधिकारी.

आमदार एकच का, म्हणून त्या वेळी विधिमंडळाच्या सार्वभौमत्वाचे दाखले देत कुरकुर करणारे होते. निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे गेली, म्हणजे लोकनियुक्त सभागृहाचा हक्क हिरावला गेला, असेही म्हणणारे होते. तो युक्तिवाद तत्त्वतः हलका नाही, आणि राजभवनाने अर्थसंकल्प लिहावा असे कोणीही लोकशाहीवादी म्हणणार नाही. परंतु विसरू नये ते हे की, मंडळे मागितली ती ह्याच विधिमंडळाने. आणि मागितली, कारण चोवीस वर्षे विधिमंडळातील बहुमताच्या वाटाघाटीने अनुशेष कमी न होता वाढत गेला होता. बहुमताने काय मागावे हे ठरते. कोणता जिल्हा सरासरीच्या किती खाली आहे हे बहुमताने ठरत नाही, मोजावे लागते. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडावयाची वेळ आली की, नाशिक-अहिल्यानगरचे आमदार पक्ष विसरून एका बाजूस होतात आणि मराठवाड्याचे आमदार पक्ष विसरून दुसऱ्या बाजूस. ह्यात त्यांचा दोष नाही. आपापल्या मतदारांसाठी त्यांनी भांडलेच पाहिजे. पण ज्याने भांडावयाचे त्याच्याच हाती माप द्यावयाचे नसते. सात जणांत एक आमदार, ही रचना म्हणून आम्हांस शहाणपणाची वाटते: प्रदेशाचा आवाज आत असावा, परंतु मापाची दांडी मोजणाऱ्याच्या हाती राहावी.

ही मंडळे निर्दोष होती असे नव्हे. त्यांच्या अध्यक्षपदांवर पुढे राजकीय सोय पाहून माणसे बसविली गेली, कित्येक काळ ती पदे रिकामीही राहिली. त्यांचे वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावे लागत. त्यांवर आमदारांनी किती तास चर्चा केली, हे आमदारांनी स्वतःच्या मनास विचारावे. विजय केळकर समितीचा संतुलित प्रादेशिक विकासावरील अहवाल २०१३ साली तयार झाला. विधिमंडळापुढे तो येण्यास २०१४ चा डिसेंबर उजाडला, आणि मग तो कपाटात गेला. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. ती वाढली नाही. २७ सप्टेंबर २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मंडळे पुन्हा स्थापन करण्याच्या बाजूने निर्णय घेतला. त्यानंतर तीन वर्षे सरली तरी मंडळे उभी राहिली नव्हती. निधीचा एक हिस्सा पदरात पाडून घेण्यासाठी जिल्हा समितीत सभात्याग करणारे विदर्भ-मराठवाड्याचे आमदार प्रदेशाचे मापच हरवले असताना एवढे शांत कसे राहू शकले, हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही.

मोठ्या शहरांची कथा थोडक्यात आटोपू, कारण ती ह्याच कथेची आवृत्ती आहे. दहा लाखांवरील लोकवस्तीच्या महानगर प्रदेशांसाठी संविधानाने महानगर नियोजन समित्या सांगितल्या, आणि त्यांत दोन-तृतीयांश जागा नगरपालिकांच्या सदस्यांस व पंचायतींच्या अध्यक्षांस दिल्या. मुंबई प्रदेशात एकट्या महानगरपालिकाच नऊ आहेत. पण उड्डाणपूल, मेट्रोचे मार्ग आणि खाडीपूल ठरतात ते १९७५ साली स्थापन झालेल्या विकास प्राधिकरणात. तेथे मंत्री आहेत, सनदी अधिकारी आहेत, मुंबईचे काही नगरसेवक आणि विधिमंडळाचे मोजके सदस्य आहेत. कल्याणच्या, भिवंडीच्या, वसईच्या महापौरास आपल्या शहरातून जाणाऱ्या मार्गाची बातमी बहुधा वर्तमानपत्रातूनच कळते.

केरळकडे पाहिले तर ध्यानात येते की, खरा वाद आमदाराच्या खुर्चीचा नाहीच. तेथेही आमदार-खासदार जिल्हा नियोजन समितीचे कायम निमंत्रितच आहेत. जिल्हाधिकारी तेथेही सचिव आहे. भेद एवढाच की, अध्यक्षस्थानी मंत्री नसून जिल्हा पंचायतीचा अध्यक्ष असतो, आणि पंधरांपैकी बारा सदस्य निवडून आलेले असतात. १९९६ पासून तेथे लोकनियोजनाची मोहीम चालली ती ह्या पायावर. राज्याच्या योजनेतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक रक्कम स्थानिक संस्थांकडे देण्याचे धाडस त्या सरकारने केले. घरधनी घरात आहे म्हणून पाहुणा पाहुण्याच्या जागी राहिला. केरळचे सर्व काही आदर्श आहे असे आम्ही म्हणत नाही; तेथेही पक्षांची गटबाजी तळापर्यंत झिरपलेली आहे. परंतु ज्या महाराष्ट्राने १९६१ साली जिल्हाधिकाऱ्यास आणि आमदारास जिल्हा परिषदेबाहेर ठेवण्याचा धीटपणा दाखविला, त्याने आज मंत्र्यास जिल्हा नियोजनाच्या अध्यक्षपदावरून उतरविण्याचा विचारही मनात आणू नये, हे त्या वारशास शोभत नाही.

तो बदल कायद्याचा आहे, आणि विद्यमान मंत्री स्वतःच्या पायाखालचे पीठ आपण होऊन काढून घेतील अशी भाबडी आशा आम्ही बाळगीत नाही. त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागेल. परंतु जे कायदा न बदलता होण्यासारखे आहे, त्यास सबब चालणार नाही. महानगरपालिका निवडून आल्या. ज्या जिल्ह्यांत त्यांच्या सदस्यांतून नियोजन समितीवरील जागा अद्याप भरल्या नसतील, तेथे त्या भरावयास महिने लागण्याचे कारण नाही, आणि जिल्हा परिषदा जसजशा अस्तित्वात येतील तसतशा ग्रामीण जागाही भरल्या पाहिजेत. पूर्वीचा अनुभव असा की, संस्थांच्या निवडणुका झाल्यावर नियोजन समितीची निवडणूक हा कोणाच्याच घाईचा विषय नसतो. नवा नगरसेवक स्थायी समितीच्या मागे असतो, पक्ष महापौरपदाच्या मागे, आणि पालकमंत्र्यास रिकाम्या खुर्च्या गैरसोयीच्या नसतात. म्हणून त्यास मुदत बांधून घालावी. निमंत्रित आमदारांची प्रत्येक सूचना लेखी घ्यावी, ती कोणत्या गावासाठी आणि कोणत्या निकडीवर केली हे इतिवृत्तात नोंदवावे, आणि ते इतिवृत्त प्रसिद्ध करावे. आमदारांस ह्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही. उलट ज्याने खरोखर अडलेल्या गावासाठी शब्द टाकला त्याचे नाव लोकांस कळेल.

आणि विधिमंडळाचे पुढील अधिवेशन जेव्हा नागपुरास भरेल, तेव्हा विकास मंडळांच्या मुदतीचा प्रश्न विदर्भ-मराठवाड्याच्या आमदारांनी तेथे काढावा. त्या सभागृहात ते कोणाचे निमंत्रित नाहीत. तेथे त्यांस मत आहे.